घटक ४ : वाहनखरेदीची व्यवहारभाषा – दरपत्रक, घासाघीस आणि कर्जकरार

४.१ उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हाला –
• नव्या मोटारीच्या दरपत्रकातील ठरलेल्या रकमा आणि बोलणी करता येण्याजोग्या रकमा वेगळ्या करता येतील.
• किंमत, विमा, जुने वाहन आणि कर्ज या चार बाबींची बोलणी स्वतंत्रपणे करण्याचे कारण सांगता येईल.
• मासिक हप्ता आणि कर्जाची एकूण परतफेड यांतील फरक उदाहरणाने स्पष्ट करता येईल.
• जाहिरात, तोंडी आश्वासन आणि करार यांतील मराठी वाक्यरचनेचा अर्थ नेमका लावता येईल.
• कर्जाची माहिती मराठीत मागणारे पत्र लिहिता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, व्यावहारिक मराठीचा अभ्यास अर्जलेखनावर संपत नाही. माणूस आयुष्यात ज्या मोजक्या कागदांवर मोठ्या रकमेची सही करतो, ते कागद वाचता येणे हाही भाषेच्या अभ्यासाचाच भाग आहे. घर आणि शेतजमीन यांच्याखालोखाल अशी सही बहुतेक कुटुंबांत वाहनखरेदीच्या वेळी होते.

बैलबाजारातील सौद्याची जुनी रीत तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली किंवा ऐकली असेल. दलाल रुमालाखाली बोटे धरून भाव सांगत आणि शेजारी उभ्या असलेल्यालाही तो कळत नसे. मात्र बैल समोर उभा असे. घेणारा त्याचे दात मोजून वय ताडी, चार पावले चालवून खूर पाही. त्या व्यवहारात भाव झाकलेला आणि वस्तू उघडी असे. मोटारीच्या दालनात याच्या नेमके उलट दिसते. एकाच नमुन्याची गाडी भंडाऱ्यात आणि नागपुरात सारखीच असते, तिची किंमतही छापलेली असते. म्हणून ग्राहकाला वाटते की आता पारखण्याजोगे काही उरले नाही. वस्तुतः येथे दात मोजायचे असतात ते कागदाचे.

भंडारा जिल्ह्याच्या संदर्भात या विषयाला आणखी एक बाजू आहे. भंडारा, मोहाडी, तुमसर, साकोली, लाखनी, लाखांदूर आणि पवनी या सातही तालुक्यांत धान हे मुख्य पीक आहे. धानावर चालणाऱ्या घरात पैसा महिन्याच्या महिन्याला येत नाही. धान खरेदी केंद्रावर दिल्यानंतर चुकारा जमा होतो तेव्हा येतो. कर्जाचा हप्ता मात्र दर महिन्याला येतो. वर्षातून एकदा-दोनदा होणारी मिळकत आणि वर्षातून बारा वेळा येणारी देणी यांची सांगड न घालता केलेली खरेदी त्या कुटुंबाचा पुढचा हंगामही गहाण टाकते. म्हणूनच या घटकात भाव किती पाडावा यापेक्षा कोणता आकडा पाहावा आणि कोणते वाक्य लिहून घ्यावे, यावर अधिक भर दिला आहे.

४.३ दरपत्रकाचे वाचन

विक्रेत्याकडून मिळणाऱ्या दरपत्रकाला व्यवहारात ‘कोटेशन’ म्हणतात. पुढील नमुन्यातील रकमा केवळ उदाहरणासाठी गृहीत धरल्या आहेत. गाडी पेट्रोलवर चालणारी व खासगी वापराची आहे.

दालनातील किंमत (एक्स-शोरूम) – ८,००,००० रु.
एकरकमी मोटार वाहन कर – ८८,००० रु.
विमा – ३८,००० रु.
नोंदणी व नजरगहाण नोंद शुल्क – २,१०० रु.
फास्टॅग – ५०० रु.
सजावट व इतर साहित्य – २४,००० रु.
वाढीव हमी – १४,४०० रु.
हाताळणी शुल्क – ८,००० रु.
रस्त्यावर येईपर्यंतची एकूण किंमत (ऑन-रोड) – ९,७५,००० रु.

या नऊ ओळींचे तीन गट पडतात.

पहिला गट शासकीय रकमांचा. महाराष्ट्रात पेट्रोलवरील खासगी मोटारीच्या एकरकमी कराचा दर १० लाख रुपयांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांपर्यंत १२ टक्के आणि त्यापुढे १३ टक्के असा आहे. डिझेलसाठी हेच दर १३, १४ आणि १५ टक्के आहेत. कर आणि नोंदणी शुल्क यांवर घासाघीस होत नाही. वस्तू व सेवा कर दालनातील किमतीतच मिळवलेला असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरील या कराचा दर १८ टक्के झाला. लहान मोटार म्हणजे चार मीटरपर्यंत लांबीची आणि पेट्रोल असल्यास १२०० सीसीपर्यंत, डिझेल असल्यास १५०० सीसीपर्यंत इंजिनाची गाडी. ही कपात शासनाने केलेली आहे; ती ‘आमच्याकडून खास सूट’ म्हणून कोणी सांगू लागल्यास फरक ओळखावा. गाडीची किंमत १० लाखांहून अधिक असेल तर विक्रेता १ टक्का कर उगमस्थानी गोळा करतो. तो खर्च नसून प्राप्तिकर विवरणपत्रात वळता करून घेता येणारी रक्कम आहे. त्याची नोंद तुमच्या पॅन क्रमांकावर झाली आहे ना, हे तपासावे.

दुसरा गट अंशतः ठरलेल्या रकमेचा, म्हणजे विम्याचा. नव्या मोटारीसाठी तीन वर्षांचा त्रयस्थ पक्ष विमा १ सप्टेंबर २०१८ पासून बंधनकारक आहे आणि त्याचा हप्ता शासन ठरवते. स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचा विमा हा दुसरा भाग. त्याचा दर कंपनीनुसार बदलतो. विमा विक्रेत्याकडूनच घ्यावा असे बंधन नाही. बाहेरून दोन कंपन्यांचे दर आणून दाखवले की दालनातील विम्याचा आकडा बहुधा खाली येतो. मात्र दर कमी असला तरी संरक्षण तेवढेच आहे का, हे पाहून तुलना करावी.

तिसरा गट पूर्णपणे ऐच्छिक किंवा बोलणी करण्याजोग्या रकमांचा. साहित्य, वाढीव हमी आणि हाताळणी शुल्क यांची बेरीज वरील नमुन्यात ४६,४०० रुपये होते. हाताळणी शुल्क शासनाला जात नाही. ते कशासाठी, असे विचारून ते वगळण्याची मागणी करावी. दालनातील किमतीवर मिळणारी सूटही याच गटात येते.

स्वयं-अध्ययन प्रश्न १ : वरील दरपत्रकातील कोणत्या रकमा सर्व विक्रेत्यांकडे सारख्याच असतील? कोणत्या रकमांत फरक पडू शकेल?

४.४ घासाघीस : एका वेळी एकच बाब

किंमत, विमा, जुन्या वाहनाचा मोबदला आणि कर्ज या चार बाबी विक्री प्रतिनिधी एकाच संभाषणात गुंफतो. एका बाबीत दिलेली सवलत दुसरीत भरून काढणे त्यामुळे सोपे होते. पुढील काल्पनिक संवाद पाहा.

विक्री प्रतिनिधी : सर, महिन्याला किती हप्ता झेपेल, तेवढं सांगा. बाकी आम्ही बसवून देतो.
ग्राहक : हप्त्याचं नंतर पाहू. आधी रोखीने घेतली तर ही गाडी रस्त्यावर येईपर्यंत किती पडेल, ते लिहून द्या.
विक्री प्रतिनिधी : कर्ज आमच्याकडून केलं तर वीस हजार आणखी कमी होतील.
ग्राहक : ठीक आहे. कर्जासह आणि कर्जाशिवाय अशी दोन वेगळी दरपत्रके द्या. जुन्या गाडीचा आकडा त्यात धरू नका. तो वेगळा लिहा.

या संवादात ग्राहकाने आवाज चढवलेला नाही आणि भाव पाडण्यासाठी आर्जवही केलेले नाही. त्याने दोन गोष्टी साधल्या. त्याने हप्त्याची रक्कम सांगितली नाही. ती सांगितली असती तर बोलणी किमतीवरून मुदतीवर सरकली असती, कारण मुदत लांबवली की कोणतीही गाडी कोणत्याही हप्त्यात ‘बसते’. शिवाय त्याने प्रत्येक उत्तर कागदावर मागितले.

बोलणीसाठी उपयुक्त अशा आणखी चार गोष्टी लक्षात ठेवा.

(१) एकाच नमुन्याची किमान तीन दरपत्रके आणावीत. मोटार वाहन कायद्यातील सुधारणेनुसार राज्यातील कोणत्याही नोंदणी प्राधिकरणाकडे वाहनाची नोंदणी करता येते. त्यामुळे गाडी नागपुरात घेऊनही तिची नोंदणी भंडाऱ्याच्या ‘एमएच ३६’ मालिकेत होऊ शकते. नागपूरचे दरपत्रक हातात असणे हेच भंडाऱ्यातील बोलणीतले बळ होय.

(२) वेळ पाहावी. दसरा-दिवाळीला मागणी जास्त असते, आणि आपल्याकडे त्या वेळी धान शेतात किंवा खळ्यावरच असते. डिसेंबरात वर्ष बदलण्यापूर्वी जुन्या वर्षाच्या गाड्या संपवण्याची विक्रेत्याला घाई असते. चुकाऱ्याचा काळही साधारण त्याच्या आसपास येतो. मुहूर्त दोन महिने पुढे ढकलल्यास सूट वाढू शकते आणि रोखीचा वाटाही मोठा देता येतो. मात्र गाडीच्या निर्मितीचा महिना व वर्ष विचारावे. पुनर्विक्रीत ती गाडी एक वर्ष जुनी धरली जाते, म्हणून सूट त्या तोट्याहून मोठी हवी.

(३) इसार देण्यापूर्वी पावतीवर गाडीचा नमुना, रंग, ठरलेली एकूण किंमत, गाडी मिळण्याची तारीख आणि व्यवहार रद्द झाल्यास किती रक्कम परत मिळेल, हे लिहून घ्यावे. नुसता ‘बुकिंग’ हा शब्द पुरेसा नाही.

(४) जुने वाहन देताना केवळ मोबदल्यावर समाधान मानू नये. नोंदणी पुस्तकात नाव आहे तोवर अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणून हस्तांतरण पूर्ण झाल्याचा पुरावा मागावा.

४.५ कर्ज : हप्ता आणि एकूण परतफेड

समजा, वरील गाडीसाठी ६,००,००० रुपयांचे कर्ज घटत्या शिलकेवर द.सा.द.शे. ९ दराने घेतले.

पाच वर्षांची मुदत : मासिक हप्ता सुमारे १२,४५५ रु.; एकूण व्याज सुमारे १,४७,३०० रु.
सात वर्षांची मुदत : मासिक हप्ता सुमारे ९,६५३ रु.; एकूण व्याज सुमारे २,१०,९०० रु.

दुसऱ्या पर्यायात हप्ता सुमारे २,८०० रुपयांनी हलका वाटतो, पण व्याज सुमारे ६३,६०० रुपयांनी वाढते. हा आकडा धानाच्या मापाने मोजून पाहा. २०२५-२६ च्या हंगामात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये होता. म्हणजे हलक्या हप्त्याची किंमत जवळपास २७ क्विंटल धान आहे. पाच वर्षांच्या कर्जाचे एका वर्षाचे हप्ते भरायलाही सुमारे ६३ क्विंटल धान विकावे लागेल, आणि त्यात लागवडीचा खर्च धरलेलाच नाही. सही करण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या मिळकतीच्या मापाने असा हिशेब मांडावा. शेतकऱ्याने क्विंटलमध्ये, नोकरदाराने पगाराच्या दिवसांत. शेतीवर अवलंबून असणाऱ्यांसाठी काही बँका सहामाही हप्त्यांची सोयही देतात. ती मागून पाहावी. मात्र मधल्या काळात व्याज चालूच राहते, हे विसरू नये.

व्याजदर सांगताना ‘फ्लॅट’ हा शब्द आल्यास थांबावे. घटत्या शिलकेवरील दरात जेवढे मुद्दल उरले तेवढ्यावरच व्याज लागते. फ्लॅट दरात अखेरपर्यंत मूळ पूर्ण रकमेवर लागते. ६ लाखांवर ९ टक्के फ्लॅट दराने पाच वर्षांचे व्याज २,७०,००० रुपये आणि हप्ता १४,५०० रुपये होतो. घटत्या शिलकेच्या भाषेत हा दर सुमारे १५.७ टक्के होय. दोन्ही ठिकाणी तोंडी सांगितलेला आकडा ‘नऊ टक्के’च असतो.

या गोंधळावर रिझर्व्ह बँकेने उपाय केला आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि वित्त कंपन्यांनी किरकोळ कर्जदाराला ‘की फॅक्ट स्टेटमेंट’, म्हणजेच मुख्य तथ्य विवरणपत्र, देणे आवश्यक आहे. त्यात व्याज आणि इतर आकार मिळून पडणारा वार्षिक दर (एपीआर), सर्व शुल्के आणि परतफेडीचे वेळापत्रक असते. त्यात न दाखवलेले शुल्क कर्जदाराच्या स्पष्ट संमतीविना नंतर आकारता येत नाही. या पत्रकाविषयी भाषेच्या विद्यार्थ्याने विशेष ध्यानात ठेवण्याजोग्या दोन तरतुदी आहेत. पहिली, हे पत्रक कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असले पाहिजे आणि त्यातील मजकूर त्याला समजावून सांगितला पाहिजे. दुसरी, सात दिवस वा अधिक मुदतीच्या कर्जासाठी त्यातील अटी किमान तीन कामकाजाचे दिवस कायम राहतात. ‘आजच सही करा, उद्या हा दर राहणार नाही’ या घाईला हे सौम्य पण ठाम उत्तर आहे. सहकारी पतसंस्थेवर रिझर्व्ह बँकेचे नियमन नसते. तेथून कर्ज घेताना हीच माहिती आपण होऊन लेखी मागावी.

मुदतपूर्व परतफेडीवर आकार लागेल का, हेही याच वेळी विचारावे. चांगल्या हंगामात जादा रक्कम भरून कर्ज लवकर फेडण्याचा मार्ग मोकळा असणे धानउत्पादक कुटुंबासाठी महत्त्वाचे आहे.

स्वयं-अध्ययन प्रश्न २ : विक्रेत्यामार्फत ६ लाखांचे पाच वर्षांचे कर्ज घेतल्यास दर ८ टक्के (हप्ता सुमारे १२,१६६ रु.), पण किमतीत सूट नाही. बाहेरच्या बँकेचा दर ९ टक्के (हप्ता सुमारे १२,४५५ रु.), पण किमतीत २०,००० रुपयांची रोख सूट मिळते. इतर आकार सारखेच असल्यास कोणता पर्याय फायद्याचा?

४.६ व्यवहारातील मराठी वाक्यरचना

आतापर्यंत आपण आकडे पाहिले. आता त्या आकड्यांना चिकटलेले शब्द पाहू.

(अ) शब्दयोगी अव्यये : ‘५०,००० रुपयांपर्यंत सूट’ या वाक्यात ‘पर्यंत’ हे वरची मर्यादा सांगते, पाच हजारांची सूट दिली तरी वाक्य खरेच ठरते. ‘व्याजदर ८.५ टक्क्यांपासून’ यात ‘पासून’ खालची मर्यादा सांगते. तुम्हाला बारा टक्के लागले तरी वाक्य खोटे होत नाही. ही दोन अव्यये वाचताना ‘माझ्यासाठी नेमके किती?’ हा प्रश्न लगेच विचारावा.

(आ) संदिग्ध क्रियापदे : ‘पाहू’, ‘करून टाकू’, ‘होऊन जाईल’, ‘सांभाळून घेऊ’ या रूपांत सदिच्छा आहे, पण कोणी, कधी आणि किती हे नाही. ‘मॅट आणि कव्हर देऊन टाकू’ याचे लेखी रूप असे हवे : ‘ठरलेल्या ९,४०,००० रुपये एकूण किमतीत मॅट व आसनांची कव्हरे समाविष्ट असून गाडी देण्याच्या दिवशी ती बसवून दिली जातील.’ यावर दालनाचा शिक्का व सही असावी.

(इ) कर्मणी प्रयोग : ‘शुल्क आकारले जाईल’, ‘दरात बदल करण्यात येईल’ या रचनांत कर्ता लुप्त असतो. कोण आकारणार, किती, कोणत्या प्रसंगी आणि पूर्वसूचना देऊन की न देता, असे प्रश्न विचारून वाक्य पूर्ण करून घ्यावे.

(ई) ‘फक्त’ आणि ‘लागू असल्यास’ : ‘दरमहा फक्त ९,६५३ रुपये’ यातील ‘फक्त’ मुदत झाकतो. ‘लागू असल्यास’ हे पद असलेल्या प्रत्येक ओळीपुढे ‘मला लागू आहे का?’ याचे होय किंवा नाही असे उत्तर घ्यावे.

घरी झाडीबोली बोलणाऱ्या विद्यार्थ्याला दालनातील इंग्रजीमिश्रित प्रमाणभाषेपुढे संकोच वाटणे स्वाभाविक आहे. हा संकोचच पुष्कळदा महाग पडतो. न समजलेला शब्द विचारणे हे अज्ञानाचे नव्हे, तर व्यवहारदक्षतेचे लक्षण आहे.

४.७ पत्राचा नमुना

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक,
………… बँक, शाखा …………

विषय : वाहनकर्जाचे मुख्य तथ्य विवरणपत्र मराठीतून मिळण्याबाबत.

महोदय/महोदया,
मी आपल्या शाखेकडे दि. ………… रोजी ………… रुपयांच्या वाहनकर्जासाठी अर्ज केला आहे. करारावर सही करण्यापूर्वी मला पुढील माहिती मराठीतून लेखी मिळावी, ही विनंती : (१) मुख्य तथ्य विवरणपत्र, (२) व्याजदर घटत्या शिलकेवर आहे की फ्लॅट, (३) प्रक्रिया शुल्कासह सर्व आकार, (४) मुदतपूर्व परतफेड व हप्ता चुकल्यास लागणारा आकार. ही माहिती वाचून मी आपणांस निर्णय कळवीन.
आपला/आपली विश्वासू,
…………

४.८ व्यवहारानंतर

कर्ज असेपर्यंत वाहनाच्या नोंदणी प्रमाणपत्रावर कर्जदात्याच्या नावे नजरगहाणाची नोंद असते. शेवटचा हप्ता भरला म्हणजे काम संपले असे नाही. कर्जदात्याकडून ना हरकत पत्र आणि नमुना ३५ घेऊन ती नोंद उतरवून घ्यावी. हप्ते थकले तरी बळाचा वापर करून वसुली करता येत नाही, ती कायदेशीर मार्गानेच व्हावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मधील एका निकालात बजावले आहे.

विक्रेत्याबाबत तक्रार असल्यास राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीचा क्रमांक १९१५ आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार ग्राहकाला तो राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दाद मागता येते. गाडी नागपुरात घेतली तरी भंडाऱ्यात तक्रार करता येते. बँक किंवा वित्त कंपनीबाबतची तक्रार आधी त्या संस्थेकडे लेखी करावी. तीस दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. या प्रत्येक ठिकाणी तुमचे म्हणणे सिद्ध करणारा पुरावा एकच असतो, तो म्हणजे लिहून घेतलेले वाक्य.

४.९ सारांश

नव्या मोटारीच्या किमतीत शासकीय, अंशतः ठरलेल्या आणि ऐच्छिक अशा तीन प्रकारच्या रकमा असतात; घासाघीस शेवटच्या दोन प्रकारांवर होते. किंमत, विमा, जुने वाहन आणि कर्ज यांची बोलणी वेगवेगळी करावी. हप्त्याऐवजी एकूण परतफेड पाहावी आणि ती आपल्या मिळकतीच्या मापाने मोजावी. तोंडी आश्वासनाला कर्ता, रक्कम आणि तारीख असलेल्या लेखी वाक्यात उतरवणे, हेच या व्यवहारातील भाषिक कौशल्य होय. अंथरूण पाहून पाय पसरावे, असे आपण म्हणतो. पण अंथरुणाची लांबी कागदावर लिहिलेली असते आणि ती आपली आपणच वाचावी लागते.

४.१० पारिभाषिक शब्द

इसार : सौदा पक्का करताना दिलेली आगाऊ रक्कम.
चुकारा : विकलेल्या शेतमालाची मिळणारी रक्कम.
नजरगहाण : वस्तू कर्जदाराच्याच ताब्यात ठेवून तिच्यावर ठेवलेले तारण.
घटती शिलक : हप्ते भरल्यानंतर उरलेले मुद्दल.

४.११ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : कर, नोंदणी व नजरगहाण नोंद शुल्क आणि विम्यातील त्रयस्थ पक्षाचा भाग सारखा असेल. किमतीवरील सूट, विम्याचा उर्वरित भाग, साहित्य, वाढीव हमी आणि हाताळणी शुल्क यांत फरक पडू शकेल.

प्रश्न २ : हप्त्यातील फरक सुमारे २८९ रुपये, साठ महिन्यांत सुमारे १७,३५० रुपये. सूट २०,००० रुपयांची आणि तीही आजच मिळणारी आहे. म्हणून दर जास्त दिसत असला तरी बाहेरच्या बँकेचा पर्याय फायद्याचा.

४.१२ सरावासाठी स्वाध्याय

१. ‘हप्ता परवडणे म्हणजे गाडी परवडणे नव्हे.’ या विधानाची सोदाहरण चर्चा करा.
२. वाहनविक्रीच्या एका मराठी जाहिरातीतील ‘पर्यंत’, ‘पासून’, ‘फक्त’ या शब्दांचे कार्य स्पष्ट करा.
३. ‘सगळं व्यवस्थित करून देऊ, काळजी करू नका’ या वाक्यामागील संभाव्य आश्वासने ओळखून त्यांचे लेखी कलमांत रूपांतर करा.

४.१३ क्षेत्रीय कार्य

तुमच्या कुटुंबात किंवा शेजारी गेल्या पाच वर्षांत वाहन घेतले असल्यास, संबंधितांच्या संमतीने त्याचे दरपत्रक व कर्जाची कागदपत्रे वाचा. भरलेल्या व भरायच्या सर्व हप्त्यांची बेरीज करून ती गाडीच्या मूळ किमतीशी ताडून पाहा. खरेदीच्या वेळी कोणता प्रश्न विचारायचा राहून गेला, हे त्यांना विचारा आणि दोन पानांचा अहवाल लिहा.